लहान खिडकीचा बंदोबस्त

४ मार्च, सकाळी

आजपासून रोजनिशी पुन्हा सुरू. जानेवारीत बंद पडली, कारण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं. आता घडतंय.

मुलीचा फोन आला. तिच्या पीएच.डी.ची शेवटची मुलाखत या महिन्याच्या एकोणतीस तारखेला. खुली आहे, म्हणजे कोणालाही बघता येते. ती एक लिंक पाठवणार, ती दाबली की घरबसल्या सगळं दिसणार. विषय आहे वारुळातली हवा. वाळवी आपल्या वारुळात हवा कशी खेळती ठेवते, यावर तिने इतकी वर्षं घातली. मी एका शब्दाने टोकलं नाही. वाळवीचं औषध सुचवलं होतं, तेही एकदाच.

म्हणाली, बाबा, लिंक नीट उघडते का ते आधी बघून ठेवा. काही अडलं तर तुमच्या जावयांना विचारा. जावई कॉम्प्युटरमध्ये आहेत. मी म्हटलं, त्यांना कशाला त्रास. आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा समितीवर मी होतो. कोणतं टेबल कुठे लावायचं हा निर्णय सर्वस्वी माझा होता.

संकल्प: मुलाखत हॉलमध्ये, मोठ्या स्क्रीनवर, सगळ्यांनी मिळून बघायची. माझ्या ताईला फोन करून बोलावणं केलंसुद्धा. खालच्या मजल्यावरच्या कर्नललाही सांगितलं. (कर्नल सैन्यात कधीच नव्हता. मिशांमुळे म्हणतात.)

४ मार्च, दुपारी

मुलीने नमुन्यादाखल मागच्या कोणाच्या तरी मुलाखतीची लिंक पाठवली. दाबली. उघडली. पण खिडकी एवढीशी. स्क्रीनच्या कोपऱ्यात, काडेपेटीएवढी. आत एका मुलाचा कान आणि पाण्याची अर्धी बाटली. चालू करायचं बटण कुठेतरी खाली, खिडकीच्या बाहेर.

दुसऱ्या लिंका दाबून पाहिल्या. बातम्या, हवामान, बँक. सगळ्या काडेपेटीत.

बायको मागे उभी होती. म्हणाली, वर कोपऱ्यात चौकोन आहे तो दाबा, मोठी होते. दाबला. झाली. पण बंद करून लिंक पुन्हा दाबली तर पुन्हा काडेपेटी. हिचं म्हणणं, मग पुन्हा चौकोन दाबायचा.

हा तात्पुरता इलाज झाला. नळ गळतो म्हणून खाली बादली ठेवायची, तसा. मला मुळाशी जायचं आहे. वेळ भरपूर आहे.

६ मार्च

इंटरनेट कमी पडत असणार. कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिथली मुलगी म्हणाली, स्पीडचा आणि खिडकीच्या आकाराचा काही संबंध नाही, सर. मी तिला समजावलं की पाइप बारीक असेल तर धारही बारीकच पडणार. ती म्हणाली, आणखी काही मदत करू का. पटलेलं दिसलं.

९ मार्च

नवा माउस आणला. खिडकी तेवढीच आहे, पण बाण फार सुरेख चालतो.

दुपारी सुरेख बाणावर पत्ते खेळलो. इंटरनेटवरचे पत्ते, ब्राउझरमध्येच उघडतात, एकट्याने खेळायचे. डोक्याला व्यायाम. हिला तो व्यायाम वाटत नाही, म्हणून तिची चाहूल लागली की मी पत्त्यांची खिडकी कडेला धरून सारतो, पार एवढीशी करतो आणि बंद करतो. मागे घरखर्चाच्या हिशेबाचा तक्ता उघडा असतोच.

११ मार्च

कर्नल येऊन बघून गेला. म्हणाला, ब्राउझरच काढून टाक आणि नवा घाल. शत्रूला मुळापासून उखडायचा. पहिल्यांदा कोणीतरी मुळाची भाषा बोललं.

काढून टाकला. जुनी माहितीही पुसायची का असं विचारलं, त्यावर ठामपणे हो म्हटलं. मग लक्षात आलं की नवा ब्राउझर उतरवून घ्यायलाही ब्राउझर लागतो. कर्नलने हे सांगितलं नव्हतं. तो आता घरी झोपला आहे.

१३ मार्च

हिनेच कॉम्प्युटरमध्ये दडलेला एक जुना ब्राउझर शोधून काढला आणि त्यातून नवा घातला. शोधायला मी सांगितलंच असतं.

लिंक दाबली. खिडकी भल्यामोठ्या आकारात उघडली. उमेदवार कमरेपर्यंत दिसला. बाटलीवरचं लेबल वाचता आलं. बातम्या, हवामान, बँक, सगळं ऐसपैस.

मुळाशी गेल्याचं फळ. मुलीला फोन करून सांगितलं की प्रश्न मिटला. जावयांनाही कळवायला सांगितलं.

एक किरकोळ नुकसान: हिने दोन वर्षं जमवलेल्या शिवणकामाच्या लिंका पुसल्या गेल्या. ती माझ्याशी बोलत नाही. त्यामुळे घरात शांतता आहे, म्हणून दुपारभर पत्ते खेळलो. संध्याकाळी ती चहा विचारायला अचानक आत आली, तेव्हा मात्र तारांबळ उडाली. वेळेवर आवरलं.

१४ मार्च

खिडकी पुन्हा काडेपेटीएवढी.

काहीही केलेलं नसताना. हा व्हायरस आहे.

१६ मार्च

जावयांचा फोन. मुलीने केलेला दिसतोय. फार अदबीने बोलतात, तेच खटकतं. म्हणाले, बाबा, एक विचारू का. तुम्ही कधी एखादी खिडकी हाताने लहान करून तशीच बंद करता का? मी म्हटलं, छे. मला काय गरज. (पत्त्यांच्या वेळी करतो, पण ते वेगळं. त्याचा लिंकशी काय संबंध.) ते म्हणाले, तसं नसेल तर मग बघावं लागेल, मी दुरूनच तुमचा कॉम्प्युटर बघू का? मी म्हटलं, नको. मी जवळ बसून बघतोय, ते पुरेसं आहे.

२० मार्च

आज मूळ सापडलं. दोष खिडकीत नाहीच, स्क्रीनमध्ये आहे. सेटिंगमध्ये जाऊन स्क्रीनवरचं सगळं सर्वांत मोठं करून टाकलं.

आता अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी दिसतात. खिडकीही मोठी झाली, पण स्क्रीनही भरली, त्यामुळे खिडकीचा वरचा भाग स्क्रीनच्या वर निघून गेला आहे. चौकोनही त्याच्याबरोबर गेला. एका अर्थी बरं झालं. हिच्या चौकोनाचा मुद्दा निकालात निघाला.

खिडकीत आता कानसुद्धा पूर्ण दिसत नाही. नुसती पाळी दिसते. पण स्पष्ट.

२४ मार्च

स्क्रीन पूर्ववत करण्याचा प्रयत्न. बदल ठेवायचा का, असं तो विचारतो. पण ‘हो’चं बटण स्क्रीनच्या खाली गेलेलं आहे. मी शोधतोय तोवर तो आपला आपण ‘नाही’ म्हणतो. ऑफिसात आमचे एक साहेब असेच होते.

ही म्हणाली, जावयांना फोन करा. मी म्हटलं, अजून दिवस आहेत. ती म्हणाली, मुलीची मुलाखत आहे, तुमची नाही. असलं काहीतरी बोलायची तिला सवय आहे.

२८ मार्च

ताई आली. माझ्यापेक्षा मोठी, त्यामुळे येताच तिने कॉम्प्युटर बघून विचारलं, हे एवढं मोठं काय लिहिलंय रे, तुला दिसत नाही का आता? मी म्हटलं, उद्या बघ तू.

हिने आपला फोन चार्जिंगला लावून ठेवला आहे. तिला विचारलं, कशाला? म्हणाली, असू द्या. माझा स्वतःचा फोन बटणांचा आहे, त्यावर असलं काही दिसत नाही. तो मी तत्त्व म्हणून ठेवला आहे.

संकल्प: उद्या शांत राहायचं.

२९ मार्च, दुपारी

घडलं ते असं.

अकराला मुलाखत. सोफ्यावर ताई, ही आणि कर्नल. कर्नल कोट घालून आला होता. मी लिंक दाबली. खिडकी उघडली. एक मनगट दिसलं. ताई म्हणाली, आपल्या पोरीचंच आहे, मीच दिलेलं घड्याळ आहे ते. पण आवाज नाही, चालू करायचं बटण नाही, चौकोन नाही. मी सगळ्यांना म्हटलं, दोन मिनिटं. आणि कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला.

तो अपडेट होऊ लागला. कृपया बंद करू नका, असं लिहून आलं. एवढ्या मोठ्या अक्षरांत की कर्नलने ते खड्या आवाजात वाचलं.

थोड्या वेळाने ही उठली, फोन घेतला आणि म्हणाली, चला आतल्या खोलीत. तिघं गेली. मला हाक मारली, दोनदा. मी म्हटलं, आलोच, होतंच आहे. टक्क्यांचा आकडा खरोखरच पुढे सरकत होता. अशा वेळी उठून जाणं म्हणजे माघार.

दारातून मुलीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते. लहानपणी ती आतल्या खोलीत पाठांतर करायची, तेव्हाही असंच ऐकू यायचं. मग बराच वेळ प्रश्नोत्तरं. मग टाळ्या. मग ती पुन्हा काहीतरी बोलली, आणि तिकडे सगळे हसले. आतल्या खोलीतही हसले. कर्नल सर्वांत जास्त.

अपडेट पूर्ण झालं तेव्हा ताई बाहेर आली होती. डोळे पुसत होती. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, पोरीने तुला बरोबर ओळखलंय रे. मी नुसती मान डोलावली.

२९ मार्च, संध्याकाळी

मुलीचा फोन. पास झाली. आवाज बसला होता, पण खूश होती. म्हणाली, बाबा, शेवटी तुमच्याबद्दल बोलले ते ऐकलंत ना? राग नाही ना आला?

मी म्हटलं, राग कसला. अगदी मनातलं बोललीस.

आता काय बोलली ते समजायला हवं. हिला आडून आडून विचारलं. ती म्हणाली, तुम्ही ऐकलंत ना, तिला तसं सांगितलंत की. आणि भाजी चिरत राहिली.

३० मार्च

मुलीने रेकॉर्डिंगची लिंक पाठवली. दाबली. मनगट.

हिचा फोन मागावा तर ती ताईला पोचवायला गेली आहे, फोन घेऊन. कर्नलकडे खाली गेलो. म्हटलं, काल मुलगी शेवटी काय म्हणाली त्याचा तुला नेमका काय अर्थ लागला? तो मला पाहून पुन्हा हसायला लागला. पाणी पिऊन आला आणि पुन्हा हसला. मी वर आलो.

दिवसभर मनगटाकडे बघत बसलो. त्या खिडकीत ते हलतसुद्धा नाही.

३१ मार्च, सकाळी

जावयांना फोन केला. ते ऑफिसात होते. सुरुवातीला हवापाण्याचं बोललो, मग सहज म्हटलं, तो तुमचा खिडकीचा प्रश्न होता ना. ते म्हणाले, हो, बोला. मी सगळं सांगितलं. पत्त्यांसकट. का सांगितलं कळत नाही, पण समोरचा माणूस मध्ये बोलत नसला की बोललं जातं.

ते हसले नाहीत. म्हणाले, आधी स्क्रीन पूर्ववत करू. तो प्रश्न विचारेल तेव्हा बटण शोधू नका, कीबोर्डवरची डावी बाणाची कळ आणि एंटर दाबा. नाही जमलं तर पुन्हा करू. दुसऱ्या वेळी जमलं. मग म्हणाले, ब्राउझरच्या बाकी सगळ्या खिडक्या बंद करा. आता ती लहान खिडकी कडेला धरून ओढा, हवी तेवढी मोठी करा. चौकोन नाही, हातानेच. आता तशीच बंद करा. शेवटची खिडकी ज्या आकारात बंद होते, पुढची त्याच आकारात उघडते, बाबा. एवढंच आहे.

लिंक दाबली. पूर्ण स्क्रीनभर उघडली. मी म्हटलं, मला हाच संशय होता. ते म्हणाले, हो, तुम्ही जवळ पोचलाच होता.

हे मुलीला सांगू नका, असं म्हटलं. नाही सांगत, म्हणाले.

३१ मार्च, दुपारी

बघितलं. पहिल्यापासून, वाळवीसकट. वारुळात हवा खालून शिरते आणि भिंतींतून बाहेर पडते. बरंचसं कळलं.

शेवटी तिने सगळ्यांचे आभार मानले. मग जे बोलली ते इथे उतरवून ठेवतो:

“आमच्या घरी काही बिघडलं की बाबा ते स्वतः दुरुस्त करायला घ्यायचे. पंखा, नळ, रेडिओ. मी शेजारी बसून टॉर्च धरायचे. दुरुस्त झालेलं काही मला फारसं आठवत नाही. पण एकाच वस्तूकडे तासन्‌तास बघत बसायचं आणि कंटाळायचं नाही, हे मी तिथे शिकले. त्याच जोरावर इतकी वर्षं वारूळ बघितलं. आमच्यात फरक एवढाच, मला अडलं की मी लगेच कोणालातरी विचारलं.”

इथे हसले ते सगळे. पूर्ण स्क्रीनवर एकेकाचा चेहरा दिसतो.

टॉर्च धरायची हे खरं आहे. हात हलायचा तिचा. मी कधी ओरडलो नाही, फार तर आवाज चढायचा. झोप आली तरी धरून बसायची. रेडिओ मात्र झाला होता दुरुस्त. एक स्टेशन लागायचं.

पुन्हा लावलं. ही मागे येऊन उभी राहिली. खिडकी लहान केली नाही. तिने खुर्ची ओढली आणि आम्ही दोघांनी तेवढंच पुन्हा बघितलं. मग ती म्हणाली, पत्ते लपवून खेळत जाऊ नका, मला कधीचं माहीत आहे. मी म्हटलं, कोणते पत्ते.

३१ मार्च, संध्याकाळी

मुलीचा फोन. खिडकीचं काय झालं, विचारत होती. मी म्हटलं, सुटला प्रश्न. मुळाशी गेलो, सुटला. कोणाला विचारावं लागलं नाही.

तिचा फोन स्पीकरवर आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मागून जावयांचा आवाज आला. म्हणाले, हो, मला तर बाबांचा फोनसुद्धा आला नाही.

मुलगी म्हणाली, बाबा, त्यांना फोन करायला इतके दिवस का लावलेत?

मी म्हटलं, लाइन लागत नव्हती.