पडद्यावरचे सर

ती. भावोजींना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांगच. कोपरापासूनचा मी हल्ली शाळेसाठी राखून ठेवला आहे.) इकडे सगळे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. ताईची कंबर बरी आहे, म्हणजे दुखतेच आहे, पण ती आता त्याबद्दल बोलत नाही, आणि ताई एखाद्या गोष्टीबद्दल बोलेनाशी झाली की काय समजायचं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तुमची तब्येत कशी आहे? तिकडचं पाणी बाधत नाही ना? (धरणाच्या कामावर असून पाणी बाधतं का, असं विचारायचं ताईने सांगितलं आहे. विनोद तिचा, टपालखर्च माझा.) आपल्या कन्यारत्नाचं म्हणाल तर वकीलबाई धडधाकट आहेत, दोन्ही वेळा जेवतात, शाळेत वेळेवर जातात आणि माझ्याशी बोलत नाहीत. तुम्ही धरणावर गेल्यापासून मायलेकी आमच्याकडे राहतात, त्यामुळे हे न बोलणं एकाच टेबलाशी बसून चालतं. मीठ हवं असलं तर ती ताईला सांगते, ताई माझ्या बायकोला सांगते आणि बायको माझ्यासमोरची बरणी उचलून देते. फोनवर सगळं सांगितलं असतं, पण तुम्ही रविवारी सामानाला खाली उतरता आणि फोन लावता तेव्हा ही कान टवकारून शेजारीच बसलेली असते. म्हणून हा कागद.

तर आमची शाळा डिजिटल झाली. कशी झाली ते विचारू नका. एका सोमवारी आम्ही गेलो तर ती झालेलीच होती. वर्गातले फळे काढून पडदे लावले होते आणि खडूची धूळ यंत्रांना चालत नाही म्हणून खडू बंद झाले होते. (आमच्या फुप्फुसांना ती इतकी वर्षं चालली, पण फुप्फुसांना वॉरंटी नसते.) मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्या शिक्षकांना हॉलमध्ये जमवलं आणि तंत्रज्ञान शिक्षकाची जागा कधीच घेऊ शकणार नाही, असं अगदी गहिवरून सांगितलं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. तुझी जागा कुणी घेणार नाही असं माणसाला कधी सांगतात? जागा घेणारा दाराबाहेर बूट काढत असतो तेव्हा.

मग ठरलं की प्रत्येक विषयाचे पाठ एकदाच उत्तम प्रकारे चित्रित करायचे आणि ते सगळ्या तुकड्यांना दाखवायचे. गणितासाठी माझी निवड झाली. खोटं कशाला बोलू, मी हुरळलो. बायकोने शर्टाला दोनदा इस्त्री केली. चित्रण करायला जो फोटोग्राफर आला होता त्याचा सगळा अनुभव लग्नाचा. त्याने आधी माझ्या टकलावर पावडर लावली, मग मला त्रिकोणाकडे बघून लाजायला सांगितलं. मी म्हटलं, त्रिकोणाकडे बघून कुणी लाजत नाही. त्यावर तो म्हणाला की सर, तुम्ही फार करडे दिसता, मुलं घाबरतील, प्रत्येक वाक्याच्या शेवटी थोडं हसत चला. आता भावोजी, तुम्ही मला ओळखता. हसणं आणि गणित या दोन गोष्टी मी एका वेळी आयुष्यात केलेल्या नाहीत. वर्तुळाचं क्षेत्रफळ शिकवताना, त्रिज्या दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, हे वाक्य आलं. जन्मभर सांगत आलेलं वाक्य. पण माझं सगळं लक्ष ओठांच्या कोपऱ्यांवर होतं, आणि मी कॅमेऱ्याकडे बघून, डोकं किंचित कलतं करून, अत्यंत गोड हसून सांगितलं की क्षेत्रफळही दुप्पट होतं. फोटोग्राफर खूश झाला. सर्वांत चांगला शॉट हाच, म्हणाला.

पाठ सगळीकडे दाखवला जाऊ लागला आणि मला नवीन काम मिळालं. वर्गात जायचं, खिडक्यांचे पडदे ओढायचे, बटण दाबायचं आणि बाजूच्या स्टुलावर बसायचं. समोर मी शिकवतो आहे आणि कोपऱ्यात मी बसलो आहे, हा अनुभव मी तुम्हाला शब्दांत सांगू शकत नाही. पडद्यावरचा माझ्यापेक्षा उंच आहे. त्याला खोकला येत नाही. मुलं त्याला 'सर' म्हणतात आणि मला 'सर, जरा आवाज वाढवता का' म्हणतात. एका पोराला समजलं नाही म्हणून मी उठून समजावू लागलो, तर ते पोर अत्यंत अदबीने म्हणालं की सर, राहू द्या, मी तो तुकडा मागे घेऊन पुन्हा बघतो. मी चिडलो. घरी येऊन वकीलबाईंकडे गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा त्या माझ्याशी बोलत होत्या. तिने शांतपणे सांगितलं, "मामा, तो पाचव्यांदा विचारलं तरी चिडत नाही. तू दुसऱ्यांदाच चिडतोस." मला राग आला नाही, वाईट वाटलं. कारण ते खरं होतं. मंद मुलांना माझ्या तोंडाची भीती वाटते हे मला ठाऊक होतं, आणि त्या पडद्याची वाटत नाही हे मला रोज स्टुलावरून दिसत होतं. असो.

ते गोड हसू मी पहिल्यांदा ऐकलं ते स्टुलावरच, वकीलबाईंच्याच वर्गात. (हसू ऐकलं म्हणतो, कारण बघवलं नाही.) ताडकन उठलो, पाठ थांबवला आणि म्हटलं, मुलांनो, इथे चूक आहे, चौपट होतं. वर्गाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग पडद्याकडे. पडद्यावर मी इस्त्रीच्या शर्टात तोंड अर्धं उघडं टाकून थांबलेलो. कुणाचं ऐकायचं हा प्रश्न मुलांना फार वेळ पडला नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, पण ते सर तर वेगळं सांगतात. मी म्हटलं, अरे, ते सर मीच आहे! यावर वर्ग जो हसला तो मी माझ्या उभ्या नोकरीत ऐकला नव्हता.

मोठ्या बाईंकडे गेलो. त्यांनी पाठ किती जणांनी पाहिला, किती जणांना आवडला ते मला दाखवलं आणि विचारलं की एवढ्या लोकांना आवडलेली गोष्ट चुकीची कशी असेल? मी म्हटलं, बाई, वर्तुळ मतं मोजत नाही. त्या म्हणाल्या, तुम्हाला बदल स्वीकारायला जड जातंय, या वयात होतं असं. मग ज्या कंपनीने हे सगळं बसवलं तिच्या माणसाला गाठलं. तो फार नम्र होता. (ही माणसं इतकी नम्र असतात की आपण भांडायला गेलो होतो हे घरी आल्यावर आठवतं.) तो म्हणाला की मंजूर झालेल्या पाठावर शिक्षकाला हरकत घेता येत नाही, नाहीतर शिक्षक एकमेकांचे पाठ पाडत बसतील. मी म्हटलं, पाठ माझाच आहे. तो म्हणाला, मग तर मुळीच नाही. हरकत घ्यायचा अधिकार फक्त पालकांना, तोही प्रवेशाच्या वेळी दिलेल्या मोबाइल नंबरवरून.

इथवर सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण चाचणी आली. चाचणी आता यंत्रच काढतं आणि यंत्रच तपासतं, आणि बरोबर उत्तरं कोणती हे ते पाठ ऐकून आपलं आपण ठरवतं. तो प्रश्न आलाच. सगळ्या वर्गाने दुप्पट लिहिलं आणि पैकीच्या पैकी मिळवले. चौपट लिहिणारी एकटी वकीलबाई. त्याच सूत्रावर यंत्राने आणखी उदाहरणं काढली होती, तीही तिने सगळी बरोबर सोडवली, म्हणजे सगळी चुकली. यंत्राने तिला कच्च्या मुलांच्या गटात टाकलं आणि वरच्या गणिताच्या वर्गातून, ज्यासाठी ती वर्षभर खपत होती, तिचं नाव गाळलं. घरी आल्यावर आदळआपट नाही, रडणं नाही. दप्तर ठेवलं, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तुझं ऐकलं मी. बाकी कुणीच ऐकलं नाही." त्यानंतर तिने तोंड मिटलं ते आजपर्यंत. भावोजी, जन्मभर मी मुलांना सांगत आलो की बरोबर उत्तर लिहा, बाकी कशाला भिऊ नका. ते खरं धरणारं एकच पोर निघालं, ते माझ्या घरचं निघालं आणि त्यालाच शिक्षा झाली. मला जेवण जात नाही. (बायको म्हणते, जातं. पण ती फक्त पोळ्या मोजते.)

यापेक्षा जास्त काय लिहू? थंडीची काळजी घ्या, कानाला बांधून झोपा. ताईचा निरोप आहे की मोजे धुवायचे असतात. पत्राचं उत्तर आलं नाही तरी चालेल, पण खालची ओळ नीट वाचा.

आपला,
स्टुलावरचा मेहुणा

ता. क. विनंती अशी, की तुम्ही माझ्याविरुद्ध तक्रार करावी. वकीलबाईंच्या प्रवेशाच्या वेळी तुमचाच नंबर दिला होता. (ताईचा नाही हे देवाचे उपकार. ती एका तक्रारीवर थांबली नसती.) रविवारी खाली उतराल तेव्हा शाळेच्या ॲपमध्ये 'शिक्षक चुकीचं शिकवतात' हा पर्याय निवडा आणि माझ्या नावापुढे टिचकी मारा. हात आखडता घेऊ नका. 'बेजबाबदार' हा शब्द चालेल. 'निर्लज्ज' लिहिलंत तर काम लवकर होईल असं कंपनीच्या माणसाने खाजगीत सांगितलं आहे.

ता. क. २. तक्रार सिद्ध झाली की शिक्षकाला प्रशिक्षणाला पाठवतात, हे आज कळलं. प्रशिक्षण म्हणजे आठवडाभर बसून एक आदर्श पाठ पुन्हा पुन्हा बघायचा. आदर्श पाठ कोणाचा, ते तुमच्या लक्षात आलं असेलच. तरीही तक्रार कराच. पोरीसाठी मी स्वतःला तेवढं सहन करीन.

ता. क. ३. पाकीट पिशवीत राहिलं आणि टपालात पडलं नाही, ते बरंच झालं. तक्रार करू नका! परवा किराणा दुकानदाराने मला रस्त्यात अडवून विचारलं की मास्तर, तुमच्या भाचीला माझा तराजू परत कधी हवा आहे? मला काहीच माहीत नव्हतं. त्याच्याकडून कळलं ते असं. वकीलबाईंनी जाड पुठ्ठ्याची वर्तुळं कापली, एक मोठं आणि त्याच्या निम्म्या त्रिज्येची काही लहान, आणि शाळा सुटल्यावर अख्खा वर्ग त्याच्या दुकानात नेला. एका पारड्यात मोठं वर्तुळ ठेवलं. दुसऱ्यात दोन लहान ठेवली, पारडं हललं नाही. तिसरं ठेवलं, तरी नाही. चौथं ठेवलं आणि काटा मध्ये आला. भाषण एका शब्दाचं केलं नाही म्हणे. (हे मला सगळ्यात अविश्वसनीय वाटलं.) दुकानदार म्हणाला, पोरं इतकी गप्प झाली की मला वाटलं काही फुटलं.

काल पुढची चाचणी झाली. वर्तुळाचा प्रश्न होता. दुप्पट लिहिलं की मार्क मिळतात हे प्रत्येकाला ठाऊक होतं. सगळ्या वर्गाने चौपट लिहिलं आणि सगळा वर्ग नापास झाला. ज्या पोराने मला 'राहू द्या' म्हटलं होतं, ते तर वर्गाबाहेर पडताना माझ्याकडे बघून कॉलर ताठ करून गेलं. यंत्राने मोठ्या बाईंना लाल अक्षरांत कळवलं की या पाठाच्या शिक्षकामुळे निकाल खालावतो आहे, त्याला त्वरित हटवावं. बाईंनी यंत्राचं ऐकलं. (माझं ऐकलं नव्हतं, पण यंत्राला बदल जड जात नाही.) पडद्यावरच्या सरांना काढून टाकलं, दोन्ही चाचण्या रद्द केल्या, वकीलबाईंचं नाव वरच्या गणिताच्या वर्गात परत लागलं आणि वर्ग पुन्हा माझ्या ताब्यात आला. त्यांच्या जाण्याने मला थोडं चुकल्यासारखं होतं, हे कुणाला सांगू नका. पाचव्यांदा न चिडण्याचा प्रयत्न मी करतो आहे. आज तिसऱ्यापर्यंत पोचलो.

ता. क. ४. अडगळीतून एक फळा ओढून आणला आहे, पण शाळेत खडू औषधालाही उरलेला नाही. तुमच्याकडे लाकडी फळ्यांवर नि दगडांवर खुणा करायला खडू येतात, त्यातली एक पेटी पाठवा. रंगीत असतील तर पाहा. मला पांढरे पुरतात, पण आज जेवताना वकीलबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मामा, मीठ दे. आणि बाबांना लिही, निळे पण हवेत."