सासऱ्यांच्या घड्याळाबद्दल पत्नीला खरे सांगण्याची परवानगी

दिनांक: ९ नोव्हेंबर

प्रति,
मा. स्मृती निवारण अधिकारी (कौटुंबिक शाखा),
स्मृती निवारण कार्यालय,
दुसरा मजला, खोली क्र. ११.

विषय: पत्नीच्या आठवणीतून काढून टाकलेला प्रसंग तिला पुन्हा सांगण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) प्रकरण क्र. स्मृ.नि./कौटुंबिक/४०७.
२) माझे यापूर्वीचे तीन अर्ज.
३) त्यांपैकी पहिल्या अर्जास आलेले आपले उत्तर, दि. ३० सप्टेंबर (गतवर्ष). उरलेले दोन विचाराधीन आहेत.

महोदय,

१. मी खाली सही करणार घड्याळ दुरुस्तीचे काम करतो. दुकान दहा फूट बाय आठ फूट आहे. पुढे काउंटरवर माझी पत्नी बसते. पट्टे, सेल आणि गिऱ्हाइके ती सांभाळते. मागच्या टेबलावर डोळ्याला भिंग लावून मी बसतो. आम्हा दोघांत साडेतीन फूट अंतर आहे आणि गेली एकतीस वर्षे तेवढेच आहे. हे सांगण्याचे कारण असे की, एवढ्या अंतरावर अबोला धरून बसणे किती कठीण असते, ते आपल्या ध्यानात यावे. गेल्या वर्षी ४ सप्टेंबर रोजी आपल्या कार्यालयात पत्नीच्या आठवणीतून एक प्रसंग काढून टाकण्यात आला. तसे काही झाले आहे हे तिला माहीत नाही, कारण नियमाप्रमाणे त्या निर्णयाची आठवणही सोबतच काढली जाते.

२. माझे सासरे बस डेपोत वेळापत्रक लिहायचे. मनगटावरचे घड्याळ त्यांनी अडतीस वर्षे वापरले. ते मागे पडू लागले तेव्हा ते दुकानात आले. पत्नी त्या वेळी बाहेर गेली होती. सासरे स्वभावाने सरळ होते, पण त्यांना फुकटाचे काही चालत नसे. "जावई घरी. इथे मी गिऱ्हाईक," असे म्हणून त्यांनी रीतसर पावती मागितली आणि तिच्यावर नाव घालू दिले नाही, नुसता क्रमांक घातला: २२१८. जाताना म्हणाले, "पोरीला सांगू नका, ती उगाच तुमच्या मागे लागेल. सवडीने करा." मी सवडीने करायला घेतले. त्यानंतर महिनाभरात ते आजारी पडले, आणि मी ते घड्याळ विसरलो. कोणत्याही यंत्राच्या, खुर्चीच्या किंवा कार्यालयाच्या साहाय्याशिवाय विसरलो, हे येथे नमूद करणे मला भाग आहे.

३. आमच्या दुकानाची जुनी रीत अशी की, वर्षभर कोणी घ्यायला आले नाही तर घड्याळ उघडायचे आणि त्याचे भाग सुट्या भागांच्या डब्यात टाकायचे. जुन्या घड्याळांचे भाग आता बनत नाहीत, त्यामुळे एक घड्याळ मेले की सात जगतात. २२१८ चे वर्ष भरले तेव्हा सासरे अंथरुणाला खिळलेले होते. मी ते घड्याळ उघडले. कारागीर घड्याळ पाठीकडून उघडतो आणि आतूनच पाहतो. तबकडी खाली असते, काटे खाली असतात, माणूस तर दिसतच नाही. मला दिसले ते यंत्र. ते इतके सुरेख होते की मला आनंद झाला. आपल्या कार्यालयातही हे मी कोणाला सांगितलेले नाही. भाग सुटे केले, पुसले, डब्यात ठेवले. पुढच्या चार महिन्यांत ते सात गिऱ्हाइकांच्या घड्याळांत बसवले. सर्व सातही घड्याळे उत्तम चालतात.

४. सासरे गेले. त्यानंतर १६ ऑगस्ट रोजी सकाळी त्यांचे कपडे आवरताना पत्नीला सदऱ्याच्या खिशात पावती सापडली. आईबापांमागे काहीतरी हाती लागावे असे कोणाला वाटत नाही? तिला वाटले, बाबांचे घड्याळ आपल्याच दुकानात सुखरूप आहे. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी ती पावती घेऊन आली. तिचा चेहरा फार दिवसांनी हसरा होता. तिने पावती टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "बाबांचं घड्याळ द्या." पावतीचा क्रमांक पाहिला आणि मला सगळे एकदम आठवले. त्यावर मी जे उत्तर दिले, ते आपल्या फाईलमध्ये आहेच. मी म्हणालो, "पट्टा आहे."

५. त्यानंतर ती एकोणीस दिवस माझ्याशी बोलली नाही. साडेतीन फुटांवर बसून गिऱ्हाइकांशी बोलायची आणि पट्टे मोजून ठेवायची. विसाव्या दिवशी म्हणाली, "मला इथेच बसायचंय. पण हे डोक्यात ठेवून बसता येत नाही. एक तर मी बहिणीकडे जाते, नाही तर हे डोक्यातून काढते." फॉर्म मी तासाभरात आणला. इतक्या तातडीने मी आयुष्यात कोणतेही काम केलेले नाही. निर्णय तिचा होता हे खरे; पण "नक्की करू ना?" असे तिने मला विचारले, आणि मी एका दमात हो म्हणालो. सुंठीवाचून खोकला जातो आहे असे मला वाटले. नातेवाइकाच्या रकान्यात सही माझी आहे. "कारण" या रकान्यात मी "किरकोळ, घरगुती" असे लिहिले आहे, तेही माझेच अक्षर आहे.

त्याच फॉर्ममध्ये "प्रसंगाची सुरुवात" असा रकाना होता. आपल्या तंत्रज्ञाने नंतर सांगितले की, लोक तिथे "त्या दिवशी" असे मोघम लिहितात आणि मग अख्खा दिवस काढला जातो. मी "दुपारी ४ वाजून १० मिनिटे" असे लिहिले. तंत्रज्ञ खूश झाले. म्हणाले, "असं नेमकं कोणी लिहून देत नाही." खुर्चीवर बावीस मिनिटे लागली. मी बाहेर बाकावर होतो. (आपल्या प्रतीक्षा कक्षातले घड्याळ चार मिनिटे मागे आहे. ते विनामूल्य नीट करून देण्याची माझी तयारी आहे.) पत्नी बाहेर आली, एकोणीस दिवसांनंतर पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलली, "दुकान उघडं टाकून आलात की काय?" आणि तिने माझा हात धरला. मधले दिवस तापात गेले, असे आपल्या सूचनापत्राप्रमाणे मी तिला सांगितले. शेजारी तापाची चौकशी करायला आले, त्यांनाही तेच सांगितले.

६. परंतु पावती सापडली होती सकाळी साडेनऊला. ती आठवण तशीच राहिली. म्हणजे घड्याळ गेले हे पत्नी विसरली आणि घड्याळ आहे हे तिला पक्के आठवते. आमच्याकडे दर सोमवारी दुकान उघडल्यावर राहिलेल्या कामांची यादी वाचली जाते. ती क्रमांक वाचते, मी उत्तर देतो. पहिल्याच सोमवारी शेवटचा क्रमांक तिने वाचला: "बावीसशे अठरा. बाबांचं." काय उत्तर द्यावे, अशी विचारणा मी आपल्याकडे केली. नियम १४ अन्वये काढून टाकलेल्या प्रसंगाचा नातेवाइकाने कोणत्याही प्रकारे उल्लेख करू नये, आणि "काम चालू आहे असे सांगावे", असे आपण कळवले. आपले उत्तर येईपर्यंतही मी आपणहून तेच सांगत होतो; ते धरून मी एकसष्ट सोमवार "काम चालू आहे" असे सांगत आलो. ती एकदाही चिडली नाही. "होऊ द्या सावकाश," म्हणते. महोदय, बोलणी खाण्याची मला सवय आहे. "होऊ द्या सावकाश" याची नाही.

७. निदान आपले उत्तर तरी खरे व्हावे म्हणून मी खरोखर काम चालू केले. सातही गिऱ्हाइके शोधली. पाव भाजणाऱ्या बाई, दोन बसचालक आणि दातांचे डॉक्टर यांनी भाग परत दिले. त्यांना मी दुसरे बसवून दिले. एका गणिताच्या शिक्षिकेने "चालतंय ते कशाला उघडायचं?" असे विचारले, आणि घड्याळजी म्हणून मला तो प्रश्न रास्तच वाटला. तीन महिन्यांनी त्यांनीही दिला. सहावा भाग एका न्हाव्याकडून मिळाला. त्यासाठी मला त्यांच्या खुर्चीत बसून गरज नसताना केस कापून घ्यावे लागले. सातवा भाग म्हणजे आतला झुलणारा बॅलन्स, ज्याच्याशिवाय बाकीचे सहा भाग नुसते धातूचे तुकडे आहेत. तो आपल्या कार्यालयातील आवक-जावक लिपिकांच्या घड्याळात आहे. या अर्जावर ते आवक क्रमांक टाकतील तेव्हा तो त्यांच्या डाव्या मनगटावर असेल. मी त्यांना चार वेळा भेटलो. प्रकरण कार्यालयात प्रलंबित असताना अर्जदाराशी कोणताही व्यवहार करता येत नाही, असे ते म्हणतात. त्यांचे म्हणणे नियमाला धरूनच आहे.

८. तथापि आता मला तो भागही नको. कारण असे. गेल्या दोन महिन्यांपासून अवघड घड्याळे माझ्या टेबलावर येत नाहीत. पत्नी ती परस्पर दुसऱ्या कारागिराकडे पाठवते, दुरुस्त होऊन आली की माझ्या तयार कामांत गुपचूप ठेवते आणि गिऱ्हाइकाला सांगते, "ह्यांनीच केलं." दुसऱ्याच्या हाताचा स्क्रू मला ओळखू येतो. मागच्या सोमवारी तिने २२१८ वाचलेच नाही. यादी मिटली आणि म्हणाली, "अहो, नसेल जमत तर राहू द्या. हात थकतात माणसाचे. मी काही म्हणणार नाही." एकतीस वर्षे जी बाई "ह्यांच्याकडे आलेलं घड्याळ परत बंद पडत नाही" असे गिऱ्हाइकांना छातीठोकपणे सांगत आली, ती आता माझे हात गेले असे समजून मला सांभाळून घेते आहे. तिला माझी कीव येते. माझे हात ठीक आहेत. मी जे केले ते हात चांगले असताना केले, आणि त्याची तिला कीव नव्हे, चीड यायला हवी. ती आली होती. ती आपण व मी मिळून काढून टाकली. मला माझ्या पत्नीचा राग परत हवा आहे. एकोणीस दिवस मी तो सोसत होतो तेव्हा तिला मी कोण आहे हे नीट माहीत होते. आता ती माझ्या जागी कोणा थकलेल्या म्हाताऱ्याशी प्रेमाने वागते, आणि मला त्या म्हाताऱ्याचा हेवा वाटतो, हे मी लेखी कबूल करतो.

९. येथून पुढे अक्षर बदललेले दिसेल. त्याचा खुलासा असा. दुकानाचा सर्व पत्रव्यवहार पत्नी लिहिते, कारण माझे अक्षर मलाही लागत नाही. यापूर्वीचे तीन अर्ज मी बाहेर टायपिस्टकडून करून घेतले. हा चौथा मी तिलाच सांगितला. काल दुपारी काउंटरवर गिऱ्हाईक नव्हते. "एक अर्ज लिहायचाय," म्हणालो. विषय आणि संदर्भ यांची जागा कोरी सोडायला सांगितली आणि परिच्छेद क्र. १ पासून सुरुवात केली. पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी तिने वर पाहिले. मी "पूर्णविराम" म्हणालो, तिने तो दिला. चौथ्या परिच्छेदानंतर तिने पेन खाली ठेवले, माठातले पाणी प्यायली, परत येऊन बसली आणि म्हणाली, "पुढे सांगा." पाचव्यात एके ठिकाणी कागदाला पेनचे टोक लागून भोक पडले आहे, ते कृपया खाडाखोड समजू नये. आठवा परिच्छेद पूर्ण करून ती उठून गेली. आज सकाळी ती दुकानात वेळेवर आली. काउंटर पुसला, शटर वर केले आणि माझ्याकडे तोंड करून विचारले, "एकसष्ट सोमवार माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोललात?" या प्रश्नाला द्यायचे उत्तर आपल्या सूचनापत्रात नाही. मी हो म्हणालो. त्यानंतर ती बोललेली नाही.

१०. वरील परिस्थितीत नियम १४ चा भंग झालेला आहे व तो मी समजून-उमजून केला आहे. त्यासाठी जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. सबब, मागितलेली परवानगी कार्योत्तर द्यावी. ती देणे शक्य नसल्यास तसे कळवावे, मी पुन्हा मागणार नाही. परंतु एक विनंती आग्रहाची आहे. पत्नीला सध्या राग आलेला आहे. तो योग्य माणसावर आहे आणि योग्य कारणासाठी आहे. प्रकरण पूर्ववत करण्याच्या सबबीखाली आपल्या कार्यालयाने तिला परस्पर बोलावून घेऊ नये. तिने होऊन मागितले तर गोष्ट वेगळी. तो तिचा अधिकार आहे, आणि त्या वेळी ती मला विचारायला येईलच असे मी धरून चाललेलो नाही.

आपला वेळ घेतल्याबद्दल दिलगीर,

आपला नम्र,
(सही)
घड्याळ दुरुस्ती कारागीर,
प्रकरण क्र. ४०७ मधील पती.

सोबत:
१) संदर्भ क्र. ३ मधील आपल्या पत्राची प्रत.
२) पावती क्र. २२१८, मूळ.
३) यापूर्वीच्या तीन अर्जांच्या पोचपावत्या.
४) पत्नीचे स्वतंत्र निवेदन, पाने दोन. (ते तिने आज दुपारी काउंटरवर बसून लिहिले. मला वाचायला दिलेले नाही. पाकीट तिने स्वतः चिकटवले आहे.)