आंब्यावर फोडलेलं खापर

५ नोव्हें., रविवार
गावी, कोळवणला जाऊन नाक कापून घेतलं. तिथल्या आमच्या घरात मोबाईलला रेंज नाही. पुतणी सायली नर्सिंगच्या अभ्यासाला एसटी स्टँडवर जाऊन बसते. टेकाडावरच्या फार्महाउसवाल्यांनी त्यांचं वायफाय वापरू दिलं, म्हणून ते लांबून पकडायला मी इथून, सुसहून, मोठ्या ऐटीत घरी केलेला हॉर्न अँटेना नेला. मागे अ‍ॅल्युमिनियमचा आयताकृती पाइप (वेव्हगाइड), पुढे पत्र्याचा कर्णा. गच्चीवर चढवला. शून्य. खाली दादा, आणि भाताची झोडणी सोडून आलेली निम्मी आळी. "काय रं इंजिनेर, लागलं का?" तोंडातून निघून गेलं, झाड आडवं येतंय. अंगणातला रायवळ आंबा. वहिनीचा जीव की प्राण.

७ नोव्हें.
पाइपाचा उरलेला तुकडा मोजला. बाहेरून साडेत्रेसष्ट मिमी. आतून साडेसत्तावन्न! वायफायच्या लहरीला आतली रुंदी बासष्टच्या पुढे हवी, नाहीतर ती पाइपातून पुढे सरकतच नाही. मी टेप बाहेरून लावला होता. अरे गाढवा! ऑफिसात ज्युनिअरना हेच शिकवतोस ना? झाडाचा काडीचा संबंध नाही.

८ नोव्हें.
दादाचा फोन, स्टँडवरून. "आंबा तोडायचं ठरलंय. तुझी वहिनी दोन दिस बोलली न्हाई. मग म्हनली, पोरीपरीस झाड मोठं हाय व्हय?" सांगायला तोंड उघडलं, आणि "रविवारी येतो, तोवर थांब" एवढंच बाहेर पडलं. भ्याड साला.

१२ नोव्हें., रविवार
अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्या करणाऱ्याकडून चार इंची पाइप आणला, आतून पंचाण्णव मिमी. त्यावर नवा हॉर्न केला. बेत असा की तो गुपचूप लावायचा, नेट आलं की म्हणायचं, राहू दे झाड. पोचलो तर मोठी फांदी आडवी पडलेली. दादाला दम कुठला. हॉर्न चढवला. नेट आलं, उरलेल्या पानांतूनही धो धो. सायली नाचायलाच लागली. दादा शेजाऱ्यांना, "आमच्या बारक्यानं बरुबर सांगितलं हुतं. उद्या सकाळी बुंधाच काढतो, म्हंजी आणिक पळंल." "एवढं पुरे की" म्हणालो. ऐकतोय कोण! वहिनी पडलेली फांदी आवरत होती. "भावजी, च्या टाकू?" तिच्याकडे बघवलंच नाही.

तीच संध्याकाळ, सुस
दादाला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं. "आंबा तोडू नकोस. तो आडवा नव्हताच. मी पाइप चुकीचा मोजला आणि लाज वाटली म्हणून झाडावर ढकललं. फांदी माझ्यामुळे फुकट गेली." किती वेळा खोडलं. शेवटी डोळे मिटून पाठवलं.

लगेच पोचलं. घरात नेट आहे ना आता. दोन्ही खुणा निळ्या झाल्या. वर 'टाइप करत आहे' आलं, गेलं, परत आलं.

दादाला वाचताना मोठ्याने वाचायची सवय आहे. वहिनी शेजारीच बसलेली असणार.