सव्वा मूठ गहू

उधना, सुरत
शनिवार, २६ जुलै २०२५, दुपारी ३ वाजून १० मिनिटे

ती. कविताताईस,
वाल्मिकचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

भाईदासअण्णांच्या पक्ष कार्यालयात वर्गणीच्या पावत्यांवर शिक्के मारतो आहे. इथे फोन जमा करावा लागतो आणि तो उघडून पाहतात, म्हणून पत्र. तुमच्या कंपनीची बस चालवणारा भिकन आणून देईल.

सकाळी अण्णांच्या घरी कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचे गहू मोजले. तुला ठाऊकच आहे, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. एकही सुटला तर देवी कोपते. अण्णा, दोन भाऊ, दोन मुलगे, असे पाच. अण्णांनी स्वतः सहावा वाटा टाकला. चुकले असतील असे वाटून मी सगळ्यांसमोर म्हणालो, अण्णा, सहा झाले. वहिनी उठून आत गेल्या. तेव्हा मला, अण्णा जिच्याकडे जातात त्या बमरोलीतल्या बाईचा मुलगा आठवला.

अण्णा हसले. नंतर बोलावून म्हणाले, तू मोजायला पक्का आहेस, पुढच्या रविवारी कानबाईपुढे माईकवर यादी तूच वाच. लग्नाशिवाय पुरुषाबरोबर राहून धर्म बुडवणाऱ्या बायकांची यादी. त्यांची पूजा घ्यायची नाही. नावे पाच आहेत. तिसरे तुझे. ताई, येऊ नकोस.

माया असू दे.
धाकटा, वाल्मिक

हजीरा
३० जुलै

चि. वाल्मिकास अनेक आशीर्वाद.

असल्या पत्रातही तुझी वेलांटी चुकत नाही, हसू आलं. मी येणार नाही. नवरा घटस्फोटाच्या कागदावर सही करत नाही म्हणून योगेशशी माझं लग्न अडलंय, हे अण्णांना पुरतं माहीत आहे; मध्यस्थ तेच होते. योगेश म्हणतो, तुझ्या अण्णांचा धर्म शेजारच्या घरापासून सुरू होतो.

पण यादीत सुंदरामावशी आहे का रे? तिचंही लग्न कुठे लागलंय. मी सासर सोडलं तेव्हा चार महिने तिनेच मला ठेवून घेतलं. तुझा डबाही तीच करते. ती भोळी, ताट घेऊन येणारच. नाव असेल तर वाचू नकोस. आजारी पड, गावी जा, काहीही कर.

जिवाला जप.
तुझी ताई

उधना
सोमवार, ४ ऑगस्ट, दुपारी १२ वाजता; कानबाईला तापीवर पोचवून आलो

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

तुझे नाव मी वाचले नाही. दुसऱ्यानंतर थेट चौथे वाचले. अण्णा माझ्या तोंडाकडेच पाहत होते. आता माईक हिसकावतील असे वाटले. हिसकावला नाही.

बाकीची चार वाचली. चौथे सुंदरामावशीचे होते. तिला वाटले, पूजेला बोलावले. ती हसत पुढे आली. बायकांनी दंड धरून तिला बाहेर नेले. जाताना ती मलाच विचारत होती की काय चुकले.

नंतर अण्णा जवळ आले. म्हणाले, बहीण गाळलीस ते पाहिले, आपल्या माणसाला सांभाळावेच लागते. भाऊबंदांशिवाय कुणालाही देत नाहीत तो रोट त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी खाल्ला.

सकाळपासून मावशीच्या खोलीला कुलूप आहे. तुझ्याकडे आली असेल तर एक ओळ लिही. माझ्यावर लोभ ठेव असे लिहिण्याची हिंमत होत नाही.

वाल्मिक