कागदावर ओढलेल्या दोन बाजू

केंटकी, ३ ऑगस्ट १७८३
निश्चय : जमिनीच्या पट्ट्यासाठी कोणापुढे हात जोडायचे नाहीत. चारशे एकर, चार कोपऱ्यांवर चार ओक, चारींवर माझ्या कुऱ्हाडीने कोरलेलं नाव. आणखी कसला पुरावा? केझाया म्हणते, तीन वर्षं मी इथे मका पिकवतेय, मोजणी करून घ्या. बायकोला घाई फार.

९ ऑगस्ट
पलीकडच्या विधवा तबीथाबाईंनी मोजणीदार आणलाच. घाबरट! मोजणीची साखळी धरायला माणूस कमी, म्हणून मला बोलावलंय. केझाया म्हणाली, आपलीही मोजायला सांगा त्याला. मुळीच सांगणार नाही. माणसाने आपला आब राखावा.

१० ऑगस्ट
ऊन मरणाचं. दोन बाजू मोजल्या. उरलेल्या दोन काटेरी रानातून. मीच म्हटलं, अहो साहेब, त्या कागदावरच ओढा की! मोजणीदार खूश. म्हणाला, सगळे असंच करतात. सावलीत बसून त्याने रेघा ओढल्या, बाईंनी मक्याची भाकरी नि डुकराचं मांस वाढलं. साखळीवाला म्हणून मी शपथेवर सही ठोकली. कागद वाचला नाही. विश्वास म्हणून काही असतो की नाही?

२१ एप्रिल १७८४
बाईंना पट्टा मिळाला, आणि आमचं घर त्यात निघालं! घर, झरा, मक्याचं शेत, सगळं त्या दोन रेघांच्या आत. कोर्टात गरजलो, ही मोजणी खोटी आहे. न्यायाधीशांनी विचारलं, खरी असल्याची शपथ कोणी घेतली? कारकुनाने माझं नाव मोठ्याने वाचलं. लोक हसले. हसा लेको!

२३ एप्रिल
बंदूक घेऊन उंबऱ्यावर बसलोय. वरच्या कोर्टात जाईन, पण इथून हलणार नाही.
तबीथाबाई आल्या. आत जायला वाट हवी, म्हणून जरा सरकलो. म्हणाल्या, मलाही आत्ताच कळलं हो. इथेच राहा, जमीन कसा, पिकातला वाटा तेवढा द्या. मी ठणकावलं, माझ्या घरात येऊन अटी घालता? बाईंनी शांतपणे विचारलं, कोणाच्या घरात?
केझाया रडायला लागली. मी शिकारीला जायचो तेव्हा ही जमीन तिने एकटीने खणली होती. फार वाईट वाटलं. चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

२४ एप्रिल, सकाळ
पेरणी. बाईंचा निरोप, ओढ्याकडून सुरू करा. साफ सांगितलं, मी कोणाचं ऐकत नसतो. टेकडीकडूनच करणार!

संध्याकाळ
ओढ्याकडचं झालं.