मांडवातलं बोलावणं

१२ जानेवारी, सोम.
काल उपासना संपल्यावर पाळकसाहेबांना सांगून टाकलं, ईस्टरला बाप्तिस्मा घेते. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "घरी बोललात का सुनंदाताई?" म्हटलं, बोलेन. ते नुसतं हसले. नगरकडचे आहेत, हसले तरी उत्तर मिळेपर्यंत उठत नाहीत.

आज जेवताना ह्यांना सांगितलं. "तुझा देव तू बघ. माझी मच्छी बंद करू नको." मच्छी कोण बंद करतंय? प्रभूने पहिले शिष्य गोळा केले तेच मुळी कोळी. पण हे बोलले नाही. ह्यांनी आडकाठी घातली नाही, तेच पुष्कळ झालं.

राहिले दादा आणि आय. दादा दोन गल्ल्यांपलीकडे, आय त्याच्याकडे. घणसोली गावात दोन गल्ल्या म्हणजे भाजी फोडणीला टाकेपर्यंत बातमी पोचते. आपणच आधी पोचलेलं बरं.

१६ जाने., शुक्र.
बातमी पोचली, दादाकडे अजून नाही एवढंच. बालवाडीत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या पाटीलबाईंनी मुलांसमोरच विचारलं, "तिथं देतात काय गं?" तांदूळ देतात का, म्हणायचं होतं तिला. मी म्हटलं, कोरा चहा. दूधही आपलं आपण न्यायचं.

खरं सांगायचं तर कुणाला सांगू? पिशवीचं ऑपरेशन झालं तेव्हा शेजारच्या खाटेवर सुवार्ताबाई होत्या. मी झोपलेय असं समजून त्यांनी माझं नाव घेऊन प्रार्थना केली. सुनंदाला दुखू देऊ नको, सुनंदाला एकटं वाटू देऊ नको. एवढंच. मी जन्मभर लोकांच्या मांडवात देवांची नावं घेतली. माझं नाव कुणी कुठे घेतलंय असं त्याआधी झालं नव्हतं. उशी ओली झाली होती. बरी झाल्यावर त्यांच्या मागे मागे प्रार्थनेच्या हॉलवर गेले आणि तिथलीच झाले.

२५ जाने., रवि.
सांगायला दादाकडे गेले तर तिथे पेढे. प्राचीचं ठरलं, बारा मार्च. मुलगा ऐरोलीचा, आपल्यातलाच, बँकेत आहे. पोरगी लाजून लाल. माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आत्या, धवला तूच म्हणायचा. रेकॉर्डवालं काही नको हां."

दादा म्हणाला, "सुनंदाशिवाय म्हननार कोन?"

खरंच, म्हणणार कोण? आमच्या आगऱ्यांत ब्राह्मण नंतर, धवलारीण आधी. तिने गाऊन देवांना मांडवात बोलवायचं, मग घरातल्या मेलेल्या माणसांना एकेक नाव घेऊन बोलवायचं, तेव्हा कुठे हळद लागते. आय आख्ख्या गावाची धवलारीण होती. मी तिच्या मागे बसून शिकले, लिहून नाही. आता आयला लकवा होऊन वाचा गेल्यासारखी झालीय, शब्द मोडून मोडून येतात.

पेढा खाल्ला. सांगायचं राहिलं.

२ फेब्रु., सोम.
सांगितलं. दादाने हातातला चहा खाली ठेवला. ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं.
"म्हंजे प्राचीच्या लग्नान तू पावनी म्हनून येनार? जेवून जानार?"
वहिनी ओट्याशी पाठ करून उभी. आय पलंगावरून बघत होती. तिला कळलं की नाही, कळलं नाही.

८ फेब्रु., रवि.
पाळकसाहेबांना विचारलं. गाणंच आहे ना, गाऊ का? त्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाले, "गाणं गा, ताई. हळदीचं गा, पोरीच्या कौतुकाचं गा. बोलावणं नका करू. ज्याला यायचं तो एकच, तो न बोलावता आलाय तुमच्याकडं."

त्यांचं चुकत नाही. पण बोलावणं काढलं तर धवल्यात उरतं काय? हळद आणि मांडवाचं भाडं. मनातल्या मनात म्हणून बघितलं. एकवीरेचं नाव ओठांवर आपोआप येतं, श्वास घेतल्यासारखं. थांबवलं की छातीत अडकतं.

१२ फेब्रु., गुरु.
दादा घरी आला. त्याने तोडगा आणला होता. "लगीन होयपर्यंत थांब. धवला म्हन, मंग काय बुडायचं ते बूड. देव काय पलून चाललाय?"

मोह झाला. ईस्टर एप्रिलमध्ये, लग्न मार्चमध्ये, थांबायचीही गरज नाही. गाऊन घ्यायचं, मग पाण्यात उतरून स्वच्छ. पण हे म्हणजे उद्या उपास म्हणून आज दाबून खाणं. मन लावून न बोलवता देवांना बोलवायचं, हा त्यांचाही अपमान. दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "तू लय शिकलीस." कौतुकाने नाही.

१७ फेब्रु., मंगळ.
ठरलं. वहिनीला शिकवते. तिचा गळा बरा आहे, भजनात असते. पाळकसाहेबांना विचारलं नाही. काही गोष्टी विचारल्या की "नको" ऐकू येतं.

२८ फेब्रु., शनि.
बालवाडी सुटली की रोज दादाकडे. वहिनी पीठ मळते, मी म्हणते, ती मागून म्हणते. शिकवायचं म्हणजे म्हणावंच लागतं, हे मला आधी कळायला हवं होतं. कळलं होतं बहुतेक.

देवांपर्यंत छान बसलंय. घरातल्या माणसांपाशी आलो की वहिनी म्हणते, "तो माजा पाठ हाय, पुढचा सांगा." मीही पुढे जाते. आय पलंगावरून मान हलवत असते. आम्हाला वाटतं, ताल धरतेय.

११ मार्च, बुध.
सगळं क्रमाने लिहिते.

सकाळी मांडव. दारात उंबराची फांदी रोवली, बायका जमल्या, प्राची पाटावर. मी मागे, खांबाला टेकून. वहिनीने सुरुवात केली. एकेक देव आला. मला वाटलं, सुटले.

मग घरातली माणसं आली. आजा झाला, आजी झाली. पुढे बाबांचं नाव. आणि वहिनी थांबली.

सून सासऱ्याचं नाव कसं घेणार? इतकी वर्षं त्या घरात, एकदाही घेतलेलं नाही. म्हणून ती पाठ आहे, पाठ आहे म्हणत होती. आणि मी, एवढी शहाणी, रोज तिथून उडी मारून पुढे जात होते. बाबा गेल्यावर आयही धवल्यात त्यांचं नाव घेत नसे. तिथे आली की ती गप्प व्हायची आणि मागून मी म्हणायचे. घरात ते नाव घेणारी बाई मी एकटी. हे आम्हा कुणालाच आठवलं नाही. आयला आठवत होतं. ती ताल धरत नव्हती, नाही नाही म्हणत होती.

वहिनीने पदराचा बोळा तोंडाशी धरला. कुजबुजली, "माज्याच्यानी नाय व्हत." ढोलकीवाला थांबला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. दादा मांडवाबाहेर उभा, पण पुरुषाने धवला म्हणायचा नसतो. खुर्चीत आयचं तोंड हललं. आवाज आला नाही. डोळ्यांतून पाणी आलं.

म्हटलं मी. हिराजी बाबा, मांडवात या, नातीला हळद लावायला या. चालीवर, पूर्ण. गळा जराही कापला नाही. ते एक नाव म्हणून थांबले, पुढचं वहिनीने उचललं.

लाज वाटली नाही. आनंद झाला. तो झाला, हेच लिहायला जड जातंय.

१५ मार्च, रवि.
लग्न छान झालं. प्राची जाताना मला सोडेना.

आज पाळकसाहेबांना सगळं सांगितलं, शिकवल्याचंसुद्धा. म्हटलं, मी देवाला नाही बोलावलं, बापाला बोलावलं. त्यांनी टेबलावरचे गीतांचे कागद सारखे केले. मग म्हणाले, "बापाला हाक मारली म्हणून मी तुम्हाला काय बोलू? माझा बाप गेला तेव्हा मीपण मारली होती. पण ताई, पुन्हा माराल का? एवढं मला ईस्टरच्या आधी सांगा. पाण्यात उभं राहून अर्धं उत्तर देता येत नाही."

रागावले असते तर घरी येऊन मी त्यांच्यावर रागावले असते. तीही सोय ठेवली नाही.

२९ मार्च, रवि.
झावळ्यांचा रविवार. हॉलमध्ये सगळ्यांच्या हातात झावळ्या, मुलं एकमेकांना टोचत होती. गाताना मला पूर्ण शांत वाटलं, नेहमी वाटतं तसं. ही माझी जागा आहे, यात मला शंका नाही. शंका असती तर सोपं होतं.

पाळकसाहेबांना सांगितलं, पुन्हा हाक मारणार नाही. आता घरात लग्न राहिलं नाही, पुढचं कुठे दिसतही नाही. ते म्हणाले, ठीक. सुवार्ताबाईंनी मिठी मारली. पांढरी साडी त्याच देणार आहेत.

४ एप्रिल, शनि.
उद्या बाप्तिस्मा. दुपारी आयला सांगायला गेले. घरात आम्ही दोघीच. तिचे पाय चेपत हळूहळू सांगितलं. उद्या काय, पाणी कसलं, मी कुठे उभी राहणार. सगळं ऐकून घेतलं. मग एक एक शब्द ओढून बोलली.

"मी मेली... मंग... मना कोन बोलवल?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. दादाचा पोरगा आता कॉलेजला आहे, कधीतरी त्याचं लग्न होईल. दारात मांडव पडेल. वहिनी सासूचं नाव घेणार नाही. प्राची तोवर ऐरोलीची झालेली असेल, आणि तिला धवला येत नाही. गावाच्या सगळ्या मेलेल्यांना जिने मांडवात आणलं, ती बाहेरच राहणार. प्राचीच्या लग्नाआधीपासून ती पलंगावर पडून हाच हिशेब करत होती, आणि आम्हाला वाटलं तिला कळत नाही.

मी म्हटलं, "आय, उद्या पाण्यात उतरताना तुझं नाव घेईन. मोठ्याने घेईन. सगळे ऐकतील."

तिने चांगला हात माझ्या हातावर ठेवला. मान हलवली. या खेपेला मला नीट कळलं.

"पान्यान नको गो. मांडवान घे."