उद्या प्सूखे म्हणायचंय

प्रिय आप्पा,

तुम्ही जाऊन चार वर्षं झाली आणि मी आज पहिल्यांदा लिहितेय, तेही स्वार्थापोटी. उद्या सकाळी माझ्या डोक्याचं ऑपरेशन आहे. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली, म्हणून मला जागं ठेवणार आणि मी सतत बोलत राहायचं! डॉक्टरबाई म्हणाल्या, "कधीच चुकत नाही असं काहीतरी म्हणा. अडलात की लगेच सांगा, मी हात थांबवते." माझ्या तोंडून निघालं, प्सूखे.

त्यांना कसं समजावणार? तुमच्यासारख्या संस्कृतच्या मास्तरांनी रद्दीवाल्याकडून ग्रीक व्याकरण उचललं आणि मखमलाबादच्या मळ्यात झेंडू खुडताना स्वतःच्या पोरीकडून 'रामः रामौ रामाः'च्या चालीत रूपं घोकून घेतली! प्सूखे, प्सूखेस, प्सूखेइ, प्सूखेन. अर्थ श्वास, जीव, आत्मा. आणि चक्क फुलपाखरूसुद्धा! "बाकीच्या विभक्ती कुठे गेल्या?" मी विचारायचे. "संबोधन धरून त्यांचं पाचातच भागतं," तुम्ही म्हणायचात.

शेजारचे निवृत्तीकाका बांधावरून ओरडायचे, "मास्तर, पोरीला कसला मंतर देता? लय अवघड हाय!"

आप्पा, मी फार घाबरलेय. काल सराव करताना अनेकवचनात अडकले. 'प्सूखाइ' आलं आणि पुढे सगळं कोरं. 'जिवांचा' कसं म्हणायचं? दहा मिनिटांनी 'प्सूखोन' सापडलं. तुमचंही असंच सुरू झालं होतं ना?

शेवटी शेवटी मळ्यात रूपं म्हणताना तुम्ही फुलांच्या पाटीत वही लपवून बघायचात. मी पाहिलं होतं. "मास्तर कॉपी करतात!" म्हणून चिडवलंही. तुम्ही हसलात. का हसलात? तेव्हाच बोलला असतात तर तुमच्याही डोक्यातली गाठ वेळेत कळली असती. आणि मी एवढी शहाणी, मला तरी वही पाहून कळू नये? याचं अजून फार वाईट वाटतं.

काल नवऱ्याने विचारलं, "झालं का पाठ?" मी म्हटलं, "झालं की!" अगदी तुमच्यासारखं हसून.

आता नाही लपवणार. तुम्हाला शब्द देते, उद्या जिथे अडेन तिथे मोठ्याने सांगेन, आठवत नाही. भीती वाटतेय, हेही सांगेन. रागावू नका आप्पा, पण मला इतक्यात तुमच्याकडे यायचं नाहीये.

तुमचीच,
शोभा